कायदा कोणाच्या हाकेने जागा होतो?

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घाटनांदूर नावाचे एक स्थानक आहे. अंबाजोगाई तालुक्यातील या गावाचे नाव शहरवासी वाचकांच्या कानांवर एरवी क्वचितच पडले असेल. २० नोव्हेंबर २०२४ रोजी मात्र ते राज्यभर गाजले. विधानसभेचे मतदान चालू असता काही लोक तेथील मतदान केंद्रात शिरले आणि त्यांनी मतदानयंत्रे फोडून टाकली. त्याच दिवशी परळीत विरोधी पक्षाच्या एका कार्यकर्त्याला उघड्या रस्त्यावर मारहाण झाली होती व घाटनांदूरचा प्रकार हा तिचाच उद्रेक होता, असे तेव्हा सांगण्यात आले. अधिकाऱ्यांनी दुसरी यंत्रे आणली, खोळंबलेले मतदान पुन्हा सुरू झाले, २३ नोव्हेंबरला निकाल लागला आणि परळीचे आमदार धनंजय मुंडे १ लाख ४० हजारांहून अधिक मताधिक्याने पुन्हा निवडून आले. सरकारी दप्तरी प्रकरण मिटले.

यंत्रे फोडणाऱ्यांची आम्ही तिळमात्र कड घेत नाही. मतपेटीवर हात टाकणारा मनुष्य कोणत्याही पक्षाचा असो, तो आपल्याच शेजाऱ्याच्या हक्कावर घाव घालीत असतो. परंतु त्या दिवशीच्या दोन्ही घटना एकत्र पाहिल्या म्हणजे मन अस्वस्थ होते. मारणाऱ्याला कायद्याचे भय वाटले नाही, आणि ज्यांचा माणूस मार खाऊन पडला त्यांना कायद्याचा भरवसा वाटला नाही. त्यांच्या संतापाची पावले पोलीस ठाण्याकडे न वळता मतदान केंद्राकडे वळली. एकाला भय नाही आणि दुसऱ्याला भरवसा नाही, अशा ठिकाणी कायदा पुस्तकात असतो, पण गावात नसतो. यंत्र बदलून हा दोष दुरुस्त होत नाही.

तो दुरुस्त झाला नाही याचा दाखला अवघ्या एकोणीस दिवसांत मिळाला. घाटनांदूरच्या शेजारच्याच केज तालुक्यात मस्साजोग हे गाव आहे. तेथील पवनऊर्जा कंपनीच्या आवारात ६ डिसेंबर २०२४ रोजी काही गुंडांनी पहारेकऱ्याला मारहाण केली. गावचे सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. पोलिसांनी त्या दिवशीच्या तक्रारीकडे गांभीर्याने पाहिले असते तर पुढचा अनर्थ टळला असता, असे गावकरी सांगत आले आहेत. ९ डिसेंबरला सरपंचांचे दिवसाढवळ्या अपहरण झाले आणि अमानुष छळ करून त्यांचा प्राण घेण्यात आला. या सर्वाचे मूळ २ कोटी रुपयांच्या खंडणीत आहे, असे तपास यंत्रणेचे आरोपपत्र म्हणते. आरोपींचा दोष ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे आणि त्याच्या अधिकारात आम्ही लुडबूड करू इच्छीत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते सरकारच्या वर्तनाविषयी. त्यासाठी पुढील तीन महिन्यांची जंत्री मांडली तरी पुरे आहे.

हत्येनंतर सहा दिवसांनी, १५ डिसेंबरला, नागपुरात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि धनंजय मुंडे मंत्री झाले. विधिमंडळात सर्व बाजूंनी गदारोळ उठल्यावर २० डिसेंबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, ज्यांच्याकडे गृहखातेही होते, विशेष तपास पथक, न्यायालयीन चौकशी आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांची बदली जाहीर केली. केज ठाण्यातील एका फौजदाराला निलंबित करण्यात आले, तर निरीक्षकाला सक्तीच्या रजेवर धाडण्यात आले. २८ डिसेंबरला बीड शहरात प्रचंड मोर्चा निघाला. ३१ डिसेंबरला मुंडे यांचे निकटवर्ती म्हणून साऱ्या जिल्ह्याला परिचित असलेले वाल्मीक कराड पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाकडे स्वतः होऊन हजर झाले. जानेवारीत मोक्का लागला आणि निवृत्त न्यायमूर्ती तहलियानी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. फेब्रुवारीअखेर आरोपपत्र दाखल झाले, तेव्हाही एक आरोपी फरारच होता. ३ मार्चला त्या छळाची छायाचित्रे घरोघर पोहोचली आणि ४ मार्च २०२५ रोजी मुंडे यांनी राजीनामा दिला.

आरोपपत्रात मुंडे आरोपी नाहीत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. राजीनामा देताना त्यांनी सद्‌सद्विवेकबुद्धीचा आणि प्रकृतीचा हवाला दिला. परंतु जी विवेकबुद्धी डिसेंबरात प्रेत पाहून जागी झाली नाही, ती मार्चमध्ये छायाचित्र पाहून कशी जागी झाली, हा प्रश्न त्यांना आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या वरिष्ठांना विचारावा लागेल. आरोपपत्रात जे होते ते लोकांना उशिरा कळले. ते सरकारलाही उशिराच कळले, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही.

ही जंत्री पुन्हा वाचावी. तीत कायद्याने उचललेले प्रत्येक पाऊल कोणत्या ना कोणत्या गलक्यामागून पडले आहे. सभागृह गरजले, मग बदली झाली. बीडचे रस्ते माणसांनी भरले, मग शरणागती झाली. छायाचित्रांनी राज्य हादरले, मग राजीनामा आला. सरकारचे कौतुक करणारे म्हणतील की अखेर पावले उचलली ना? उचलली, पण वरातीमागून घोडे नेणाऱ्याने आपण वरात सजवली असे म्हणू नये. मोर्चाच्या हाकेने जागा होणारा कायदा मोर्चा न काढू शकणाऱ्यांसाठी झोपलेलाच राहतो. ज्याच्या पाठीशी जात नाही, पक्ष नाही, वर्तमानपत्र नाही, अशा माणसाचा खून झाला तर हे पथक, हा आयोग, हा मोक्का त्याच्या वाट्याला आला असता काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील प्रत्येक खेडुताला तोंडपाठ आहे.

याच दिवसांतील परभणीची घटना याहून विदारक आहे, कारण तेथे आरोपाचे बोट खुद्द शासनाकडे होते. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी दंगल उसळली आणि पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांत कायद्याचा एक विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला, म्हणजे नागपुरात मंत्र्यांचे शपथविधी चालू होते त्याच दिवशी, तो न्यायालयीन कोठडीत असता मरण पावला. पोलिसांनी मारल्याची तक्रार त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे केली नव्हती, असे विधानसभेत सांगण्यात आले, तर शवविच्छेदनात त्याच्या अंगावर अनेक जखमा आढळल्या होत्या. गुन्हा नोंदवा, एवढा साधा आदेश मिळवण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची पायरी चढावी लागली. ४ जुलै २०२५ रोजी तो आदेश झाला. आमचे सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तेथूनही परतले. मस्साजोगच्या वेळी ‘कोणाचीही गय करणार नाही’ असे गर्जणारे शासन परभणीच्या वेळी गुन्ह्याची पहिली ओळसुद्धा लिहू द्यायला तयार नव्हते. गुन्हा नोंदणे म्हणजे शिक्षा करणे नव्हे, तपासाचे दार उघडणे होय. ते दार आतून धरून ठेवण्याचे सरकारला काय कारण होते?

न्यायाचा विषय निघाला की आपल्याकडे रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेण्याचा प्रघात आहे. मंत्री तर ते भाषणाच्या आरंभीच घेतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, इथवरची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पुढचा भाग आपण सांगत नाही. ते प्रायश्चित्त अमलात आले नाही. रामशास्त्री पुणे सोडून गेले. राघोबादादा पदच्युत झाले ते बारभाईंच्या राजकारणाने, न्यायासनाच्या बळाने नव्हे. अडीचशे वर्षांपूर्वी न्यायाधीश निर्भय होता, परंतु त्याचा निकाल राबवणारा हात ज्याच्यावर निकाल द्यायचा त्याच्याच मुठीत होता. आज राजेशाही गेली, संविधान आले, तरी जिल्ह्यातील ठाणेदाराची नेमणूक आणि बदली कोणाच्या मर्जीने होते हे विचारले तर लोक हसतात. ते हसणे आम्हाला गुन्ह्याइतकेच भयंकर वाटते.

बीडमध्ये हे असे का माजले, याचेही कारण आहे. हा जिल्हा दर वर्षी लाखो ऊसतोड कामगार बाहेर पाठवतो. पाऊस बेभरवशाचा, उद्योग तुरळक. अशा ठिकाणी पैसा येतो तो मोजक्या वाटांनी: परळीच्या औष्णिक केंद्राची राख, गोदावरीची वाळू, सरकारी कामांचे ठेके आणि आता पवनचक्क्या. वाट एकच असली की नाका बसवणे सोपे जाते. नाक्यावर बसणाऱ्याला सत्तेची सावली लागते आणि सत्तेला निवडणुकीत नाक्यावरची माणसे लागतात. शस्त्रपरवानेही या जिल्ह्यात हजाराहून अधिक निघाले. ते सरकारी कचेरीनेच दिले होते. हत्येनंतर त्यांतील कित्येक रद्द झाले, म्हणजे आधी ते देताना कोणी डोळे उघडले नव्हते. मार्च २०२५ मध्ये जिल्ह्यातील पोलिसांच्या छातीवरील नामपट्ट्यांतून आडनावे काढून केवळ नाव ठेवण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु वर्दी अंगावर असताना लोक आधी जात शोधतात, ही कबुलीच त्या पट्ट्यांनी दिली.

यावर सरकारचा ठराविक उपाय म्हणजे अधिक अधिकार मागणे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक संमत केले. विरोधी मत बाळगणाऱ्यांवर त्याचा प्रयोग होईल, अशी भीती अनेकांनी बोलून दाखवली. ती खरी ठरो वा खोटी, आमचा आक्षेप अधिक साधा आहे. मोक्का १९९९ पासून हाताशी आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये बजावले आहे. पोलिसांच्या बदल्या राजकीय लहरीवर सोडू नका, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असे प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्येच सांगितले गेले. साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्ये केला. अधिकारांची वाण कोठे आहे? घरातली तलवार म्यानात गंजत असता शासन नवी तलवार मागते, तेव्हा ती कोणावर चालवायची आहे, असे प्रजेने विचारावे.

आमची मागणी मोठी नाही. पहिली तक्रार पहिल्याच दिवशी नोंदली जावी, तिची प्रत फिर्यादीच्या हातात पडावी, आणि जो ठाणेदार ती नाकारील त्याला मोर्चाची वाट न पाहता जाब विचारला जावा. एवढे झाले असते तर कदाचित आयोगाची गरज पडली नसती.

अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात एके काळी स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते. माणसाच्या हुकमाऐवजी कायद्याचे राज्य यावे म्हणून या मातीतल्या लोकांनी निजामाशी झुंज घेतली आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते मुक्त झाले. त्याच तालुक्यातील घाटनांदूरचा एखादा साधा मनुष्य उद्या मार खाऊन पोलीस ठाण्यात जाईल. त्याच्यामागे कोणी नसेल. समोरच्या अंमलदाराने ‘तू कोणाचा माणूस?’ असे न विचारता कागद पुढे ओढला, तर मस्साजोगच्या सरपंचांचे मरण अगदीच व्यर्थ गेले नाही असे आम्ही म्हणू. तोवर मंत्र्यांनी रामशास्त्र्यांचे नाव घेऊ नये.