होडी भरली तरी बुडूं नये

इ. स. १७८५ सालीं लंडनमधील लायोनेल ल्यूकिन नांवाच्या एका घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरानें न बुडणाऱ्या होडीचें पेटंट घेतलें. त्याची युक्ति साधी होती: काठांना बाहेरून बुचाची जाड पट्टी, आंत कडेनें व दोन्ही टोंकांस हवाबंद पेट्या आणि तळाशीं लोखंडाचें वजन. होडी पाण्यानें भरली तरी पेट्यांची जागा पाणी घेऊं शकत नसे. म्हणून ती तरंगत राही. होडी भरणें आणि बुडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्यानें ओळखलें होतें.

पुष्कळांस वाटतें कीं, पंप बसविला म्हणजे भय सरलें. हा भ्रम हिशेबापुढें टिकत नाहीं. पाण्याच्या पातळीखालीं एक फुटावर दोन इंच व्यासाचें भोंक पडलें, तर मिनिटास दीडशे लिटरांहून अधिक पाणी आंत येतें. म्हणजे दहा लिटरांच्या पंधरा बादल्या! इतका उपसा मनुष्याच्या हातून फार वेळ होत नाहीं. पंपाचें खरें काम झिरपलेलें, पावसाचें व लाटांचें पाणी काढणें, आणि संकटांत भोंक बुजविण्यास अवधि देणें हें होय. तें कामही लहान नव्हे. कारण तळांत साचलेलें पाणी होडी कलेल त्याच बाजूस धांवतें व तिला अधिकच कलवितें.

यासाठीं पंप दोन असावे: एक विजेचा, पाणी चढतांच आपोआप सुरू होणारा, दुसरा हातानें चालणारा. शोषणाऱ्या तोंडाशीं जाळी हवी, नाहींतर एखादी चिंधीही पंप बंद पाडते. पाणी बाहेर टाकणारी नळी पातळीच्या बरीच वर काढावी. अन्यथा तिच्यांतूनच समुद्र आंत येतो. बॅटरी उंच जागीं ठेवावी.

आतां तरंगण्याचा प्रश्न. फायबरची होडी पाण्याहून जड द्रव्याची असल्यामुळें भरल्यावर तळ गांठते. लांकडाची होडी स्वतः तरंगते, पण जड यंत्र तिला ओढून नेऊं शकतें. पाणी न शोषणारा एक लिटर फोम सुमारें एक किलो भार उचलतो. दोनशे किलोंच्या फायबरच्या होडीचें पाण्यांतील वजन सुमारें पाऊणशें किलो भरतें. साठ किलोंच्या यंत्राचें पन्नास. तेव्हां सव्वाशें लिटर फोमनें ती जेमतेम तरंगेल. माणसांसाठीं त्याहून बराच अधिक हवा.

फोम कोठें बसवावा, हेंही महत्त्वाचें आहे. तो तळाशींच कोंबला तर भरलेली होडी उलटते. तो दोन्ही काठांलगत उंचावर व कांहीं भाग यंत्राजवळ विभागून बसवावा. हवाबंद पेट्या वापरल्यास त्या अनेक असाव्या, म्हणजे एक फुटली तरी बाकीच्या भार धरतील.

हें सारें झाल्यावर यंत्र उतरवून त्याच्या जागीं तितकाच भार बांधावा, आणि शांत, उथळ पाण्यांत होडी मुद्दाम भरून पाहावी. ती सरळ तरंगली, तरच तिच्यांत मुलांना बसवावें.