शास्त्र्यांचा तर्क, पंडितेचे प्रश्न

लेखांक ८

गेल्या आठवड्यात आपण विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांना मुंबईच्या समुद्रकाठी, १८५७ सालच्या त्या गाजलेल्या वादात सोडलं. तिथे दोन पक्ष समोरासमोर उभे होते आणि भोवती ऐकणाऱ्यांची गर्दी. अशा वादात कोण जिंकलं, ते ज्याच्या त्याच्या बाजूचं पुस्तक ठरवतं. आजचा वाद मला त्याहून जास्त खुणावतो. त्यातले दोन्ही पक्ष एकाच माणसाने लढवले, आणि त्याचा धागा पुढे आपल्या दौंड तालुक्यात, केडगावपर्यंत आला.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे हा तो माणूस. जन्म १८२५ चा, झाशीजवळचा. घराणं चित्पावन, मूळचं कोकणातलं. शास्त्राध्ययन झालं काशीत. त्या काळात जॉन म्यूर नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' हा ग्रंथ थेट संस्कृत श्लोकांत लिहून पंडितांपुढे टाकला होता (१८३९). खरा धर्म ओळखायचा कसा? म्यूरचं उत्तर असं, की संस्थापकाने चमत्कार केलेले असावेत, शिकवण पवित्र असावी आणि ती सगळ्या मानवजातीसाठी असावी. हे माप इंग्लंडातून आलेलं होतं. विल्यम पेली आणि बिशप बटलर यांचे ग्रंथ तिकडे पाठ्यपुस्तकांसारखे वाचले जात, त्यांतलंच हे. म्यूरला उत्तर देणाऱ्यांत विशीच्या उंबरठ्यावरचे नीळकंठशास्त्रीही होते. १८४४-४५ मधला त्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' आजही वाचावा असा आहे.

त्यांचा रोख नेमका होता. जन्मतःच एक जण आंधळा, दुसरा राजपुत्र, असं का? आपल्याकडे त्याला पूर्वजन्मीच्या कर्माचं उत्तर आहे. ब्रह्मसूत्रांत तर हाच आक्षेप मांडून त्याचं निरसन केलं आहे: ईश्वर पक्षपाती किंवा निर्दय ठरत नाही, कारण तो कर्माची अपेक्षा ठेवून फळ देतो. ज्या धर्मात पूर्वजन्म नाही, तिथे त्या आंधळ्या मुलाचा हिशेब कोण देणार? वर एका जन्मातल्या पापाला अनंत काळचा नरक. हा कुठला न्याय? आणि श्रद्धेचा विषय नुसत्या तर्काने तपासायला निघणं हीच मुळात गल्लत आहे, असंही त्यांचं म्हणणं होतं.

चारएक वर्षांत, मार्च १८४८ मध्ये, याच माणसाने जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केलं.

इथे थोडं मागे जाऊ. आपल्या श्रद्धेवरच्या आक्षेपांना बुद्धीला पटेल असं उत्तर देणं म्हणजे ख्रिस्ती धर्मसमर्थन. हा उद्योग ख्रिस्ती धर्माइतकाच जुना. दुसऱ्या शतकातला जस्टिन ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाची कफनी घालून हिंडत असे. त्याच्या लेखी ग्रीक तत्त्वज्ञानातलं जे खरं, ते ख्रिस्ताचंच होतं. त्याच्या मागून आलेल्या कार्थेजच्या टर्टुलियनला अथेन्सच्या शाळांचं वावडं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने अ‍ॅरिस्टॉटलला पुन्हा चर्चमध्ये आणून बसवलं. तत्त्वज्ञानाला घरात घ्यायचं की दारातच थांबवायचं, हा वाद तिकडे कधीच मिटला नाही. भारतात आलेल्या मिशनरींची अडचण आणखी वेगळी होती. इथे ईश्वर आहे की नाही यावर हजारभर वर्षं खल झालेला. सांख्यांना जगाच्या उत्पत्तीसाठी ईश्वर लागत नाही, मीमांसकांना यज्ञाचं फळ मिळायला लागत नाही, आणि नैयायिक उदयनाचार्यांनी तर बौद्धांविरुद्ध ईश्वरसिद्धीसाठी 'न्यायकुसुमांजली' हा अख्खा ग्रंथ लिहिलेला. इथल्या शास्त्र्यापुढे पेली उघडायचा म्हणजे मुरलेल्या पहिलवानाला दंडबैठका शिकवायच्या.

गोऱ्ह्यांचं वेगळेपण ते हेच. त्यांना पेलीची गरजच नव्हती. हत्यारं घरचीच होती. १८६० साली त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहिला. दोनच वर्षांत फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृतज्ञाने तो इंग्रजीत नेला. सहाही दर्शनांची त्यात झडती आहे. त्यातले दोन मुद्दे जरा जवळून पाहू.

पहिला मुद्दा घटाचा. न्यायशास्त्रातलं ईश्वराचं अनुमान प्रसिद्ध आहे: मडकं हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता असतो, पृथ्वी, अंकुर हीही कार्यं आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता हवा. ख्रिस्ती समर्थकाला हे अनुमान आयतंच हाती लागल्यासारखं. पण कुंभाराला माती लागते. त्याच चालीने न्यायदर्शनातल्या ईश्वराला नित्य परमाणू लागतात आणि नित्य जीवांची कर्मं लागतात. तो नसलेलं निर्माण करत नाही, असलेलं रचतो. गोऱ्ह्यांना हवा होता शून्यातून जग निर्माण करणारा देव. मग त्यांनी काय केलं? कर्ता ठेवला, माती काढून घेतली. सर्वशक्तिमान म्हणायचं आणि परमाणूंवाचून त्याचं चालत नाही म्हणायचं, हे त्यांना विसंगत वाटे. नैयायिक यावर सरळ विचारील, 'उपादानकारणाशिवाय झालेलं कार्य तुम्ही पाहिलंय कुठे? दृष्टान्तातला अर्धाच भाग घ्यायचा, हा कुठला नियम?' हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. अनुमान अनुभवावर उभं करायचं आणि जिथे अनुभव अडवतो तिथे त्याचा हात सोडायचा, ही सवलत घ्यायला वेगळं कारण लागतं; गोऱ्ह्यांपाशी ते श्रुतीसारखं, म्हणजे बायबलातून आलेलं होतं.

दुसरा मुद्दा अद्वैताचा, आणि इथे शास्त्रीबुवा खरे फॉर्मात आहेत. 'सर्व ब्रह्मच आहे, मग पाप कुणाचं?' हा सवाल धर्मोपदेशकांना पदोपदी ऐकावा लागे. त्यावर गोऱ्हे सत्तेच्या प्रकारांनाच हात घालतात. वेदान्ती म्हणतो, पारमार्थिक सत्ता ब्रह्माची, व्यावहारिक सत्ता जगाची, प्रातिभासिक सत्ता दोरीवर दिसलेल्या सापाची. गोऱ्हे म्हणतात, असणं हे तीन तऱ्हेचं असूच शकत नाही. वस्तू असते किंवा नसते. साप दिसला म्हणजे काय तो भ्रम झाला. सापाला त्यामुळे 'थोडंसं अस्तित्व' मिळत नाही. आणि ज्या अज्ञानामुळे हे सगळं दिसतं, ते खरं की खोटं? खरं असेल तर अद्वैत गेलं. खोटं असेल तर ते बांधतं कुणाला?

हे वाचताना पुण्याच्या एखाद्या वैष्णव शास्त्र्याला नवल वाटलं नसतं. अविद्येवर असे सात आक्षेप रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात कधीच घेतले आहेत आणि माध्वांनी ते आणखी परजले. म्हणजे ज्याला आपण पाश्चात्त्यांचा हल्ला समजून दोन हात करायला निघालो, त्यातला दारूगोळा बराचसा इथलाच. गोऱ्हे मात्र इथे घाईही करतात. अद्वैती जगाला सशाच्या शिंगाच्या रांगेत बसवत नाही. ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहार बाधित होत नाही, तोवर पापपुण्याचे नियम पुरते लागू आहेत, हे त्याचं म्हणणं गोऱ्ह्यांच्या आरशात नीट उमटत नाही.

खरी अडचण पुढे आहे. 'असतं किंवा नसतं, तिसरं काही नाही' ही सुरी एकदा हातात घेतली की ती सगळीकडे चालवावी लागते. एक देव, तीन व्यक्ती, हे त्रैक्य तिच्यापुढे कसं टिकायचं? तिथे गोऱ्हे सुरी म्यानात घालतात आणि सांगतात, हे बुद्धीच्या पलीकडचं आहे, ते प्रकट झालेलं आहे म्हणून मानायचं. तत्त्वज्ञ युक्तिवाद नेईल तिथे जायला तयार असतो, निदान त्याने असावं. समर्थकाचा निकाल आधी लागलेला असतो आणि युक्तिवाद मागाहून येतो. गोऱ्ह्यांचा प्रामाणिकपणा असा की हा ताण त्यांनी दडवला नाही. शंकांनी त्यांना आयुष्यभर सोडलं नाही, अनंत नरकाचा प्रश्न त्यांना सतावत राहिला. विशीत म्यूरला विचारलेलंच ते होतं.

१८७५ च्या सुमारास ते मुंबई-पुण्यात ब्राह्मो विचारांच्या मंडळींपुढे बोलले. त्यांचा टोला असा: देव प्रेमळ पिता आहे हे तुम्हाला अंतःकरणातून आपोआप कळलं म्हणता, मग तुमच्याहून थोर बुद्धीच्या आचार्यांना ते का नाही कळलं? ख्रिस्ती शिकवणीच्या हवेत वाढलात म्हणून कळलं. टोला चलाख आहे, पण पुण्यात तो लागू पडायचा नाही. प्रार्थनासमाजी रानडे-भांडारकरांपाशी तुकोबा होते. विठ्ठलाला मायबाप म्हणायला वारकऱ्यांना कुणाच्या हवेची वाट पाहावी लागली नव्हती. काशीत वाढलेल्या गोऱ्ह्यांनी अभंगांना षड्दर्शनांचा मान कधी दिलाच नाही. पंडिताचा हा आंधळा कोपरा.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. तेवीस-चोवीस वर्षांच्या, नुकत्याच विधवा झालेल्या, कडेवर मनोरमा. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई. त्यांना हिंदू आणि ख्रिस्ती विचारांतला भेद ज्यांनी समजावून दिला, त्यांत गोऱ्हे होते. पुढे इंग्लंडात वाँटेजला २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. गोऱ्ह्यांचं लिखाण आणि पत्रं यांनीच आपल्याला ब्राह्मो मतापासून इकडे वळवलं, हे श्रेय त्यांनी मोकळेपणाने दिलं.

बाप्तिस्मा झाला, प्रश्न थांबले नाहीत. त्रैक्य, कुमारीच्या पोटचा जन्म, चमत्कार, देहासकट पुनरुत्थान, एकेका गोष्टीवर रमाबाई अडून बसल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनला हा उद्धटपणा वाटे. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रिन्सिपल डोरोथिया बील पत्रांतून धीराने वाद घालत. रमाबाईंचा मुद्दा साधा होता. मोठ्या कष्टाने मी इथल्या भटभिक्षुकांच्या जोखडातून मान सोडवली आहे, ती दुसऱ्या तसल्याच जोखडात घालायची नाही; ख्रिस्ताच्या मंडळीत मी आहे, पण पाद्री आणि बिशप यांच्या तोंडचा शब्द न् शब्द मी मानणार नाही. गोऱ्ह्यांनी ख्रिस्ताच्या देवत्वाची प्रमाणं मांडणारं लांबलचक पत्र लिहिलं. १८८७ मध्ये ते एका मित्राला लिहिलेलं पत्र म्हणून छापून निघालं. गुरूने शिष्येला पुन्हा वादात ओढलं, एवढंच त्याचं महत्त्व नाही. म्यानात गेलेली सुरी शिष्येने बाहेर काढायला लावली होती.

माझ्या मते त्या तीन-चार वर्षांत रमाबाई गोऱ्ह्यांपेक्षा जास्त तत्त्वज्ञ होत्या. पुढे चित्र पालटलं, तेही सांगायला हवं. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात त्याचा आशय असा: ख्रिस्ती धर्म मला सापडला होता आणि तो पुरेसा चांगलाही होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला १८९१ च्या आसपास, आणि तो युक्तिवादातून नव्हे. त्यानंतरच्या रमाबाई बायबलचा अक्षर न् अक्षर खरा मानतात, शंका काढणाऱ्या नव्या युरोपीय पंडितांना फटकारतात. सिस्टर जेराल्डीनला या रमाबाई नक्की आवडल्या असत्या.

केडगाव येतं ते या टप्प्यावर. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, त्यात पुण्याला प्लेगची बंधनं, म्हणून रेल्वेलाइनीलगतच्या इथल्या माळावर आधी तंबू आणि मग मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी, शेत, गाईगुरं, विणकाम, आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय. छापखान्यात खिळे जुळवायला मुलीच. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, ते इथेच. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ग्रंथ बाहेर पडला १९२४ मध्ये. या आवारात षड्दर्शनांचं नाव कुणी काढत नसे. उपाशी मुलीला व्यावहारिक सत्ता समजावून सांगायची नसते, भाकरी द्यायची असते, आणि हेही समर्थनच आहे असं ख्रिस्ती माणूस म्हणेल. म्हणो. पण भाकरीने सिद्धान्त सिद्ध होत नाही. केडगाव बेटावर नारायण महाराजांच्या दत्तसंस्थानातही अन्नदान होतच होतं, आणि त्यावरून कुणी दत्तावताराची सिद्धता मांडली नाही.

शिरूरकडे, म्हणजे घोडनदीला, अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होतं. मिशनच्या 'ज्ञानोदया'तले वाद वाचणारे तिथे मूठभरच. बाजारातल्या माणसाचं गणित निराळं. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसच्या तिथल्या थडग्याची नोंद १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये आहे: लोक त्याला सत्पुरुष म्हणत, सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत. जन्माने ख्रिस्ती असलेल्या एका लष्करी साहेबाला गावाने वादविवादाशिवाय आपल्या देवदेवस्कीत सामावून घेतलं. एकच अवतार की अनेक, या प्रश्नावर पाद्री जीव तोडून बोलत होते, आणि ऐकणारे हात जोडून त्यांच्याच एका माणसाची भर घालत होते. धर्मसमर्थनाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात या आक्षेपाला उत्तर नाही, कारण हा आक्षेपच नाही.

गोऱ्हे १८९५ मध्ये मुंबईत वारले. त्याच वर्षी नगरच्या वर्तुळातला एक कवी बाप्तिस्मा घेत होता. ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं तो सांगे. गोऱ्ह्यांनी ज्या अभंगांकडे पाहिलं नाही, त्यांनाच धरून ना. वा. टिळकांनी काय मांडलं, आणि त्यात तर्काला कितपत जागा उरली, ते पुढच्या आठवड्यात.