मॅनेजमेंट व्हीएममधले बदल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओव्हर्ट या मुक्त व्हर्च्युअलायझेशन प्रणालीत सगळ्या क्लस्टरचा कारभार ‘इंजिन’ या एका सर्व्हरवरून चालतो. सेल्फ-होस्टेड रचनेत हे इंजिन म्हणजे त्याच क्लस्टरमधल्या एखाद्या होस्टवर चालणारी व्हीएम असते. ती पडली तर तिला उठवण्याचे काम होस्टवरचे एचए एजंट करतात. तिची मेमरी, प्रोसेसर किंवा नाव बदलताना होणारे बहुतेक घोळ या एजंटांचा विसर पडल्यामुळे होतात.

इंजिन बंद केले की सगळ्या व्हीएम बंद पडतील, ही भीती सर्वात जास्त आढळते आणि ती निराधार आहे. बाकीच्या व्हीएम होस्टवरच्या केव्हीएमवर चालतात. केव्हीएम हा 2007 पासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे. इंजिन नसताना नवी व्हीएम बनवता येत नाही आणि इंजिनचे पोर्टल उघडत नाही, पण चालू कामे चालूच राहतात. या भीतीपोटी बदल महिनोन्‌महिने लांबणीवर टाकण्याचे कारण नाही.

दुसरा समज जास्त महागात पडतो : होस्टवरची ‘व्हीएम डॉट कॉन्फ’ फाइल बदलली की काम झाले. ही फाइल निव्वळ प्रत असते. खरी नोंद सामायिक स्टोरेजवरच्या ‘ओव्हीएफ स्टोअर’ या छोट्या डिस्कमध्ये असते आणि एजंट तिथूनच फाइल तयार करतो. शिवाय ती ज्या फोल्डरमध्ये असते ते मेमरीतले असते, होस्ट रीबूट झाला की रिकामे. लोणावळा-कार्ला पट्ट्यात पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. समजा तिथल्या एखाद्या सर्व्हर रूममध्ये रात्री यूपीएसची बॅटरी संपली, पहाटे वीज आली आणि होस्ट उठले. इंजिन सुरू होईल ते ओव्हीएफ स्टोअरमधल्या जुन्या आकड्यांवर. हाताने वाढवलेल्या मेमरीचा मागमूसही उरणार नाही. म्हणून बदल पोर्टलमधूनच करावा. पोर्टलमधला बदलही त्याच क्षणी डिस्कवर उतरेल असे गृहीत धरू नये : ओव्हीएफ नोंदी ठरावीक काळाने लिहिल्या जातात आणि ही मुदत मुळात 60 मिनिटांची असते. घाई असेल तर स्टोरेज डोमेनच्या मेनूतून ओव्हीएफ अपडेट करावे, मगच इंजिन बंद करावे. बदललेली फाइल देऊन इंजिन एकदा सुरू करण्याची सोय आहे, पण ती अडचणीतून सुटण्यापुरती.

इंजिनमध्ये शिरून ‘शटडाउन’ दिले की ते बंदच राहील, हेही खरे नाही. एजंटच्या दृष्टीने ती व्हीएम पडलेली असते. तो ती पुन्हा उठवू पाहतो. ते टाळण्यासाठी आधी ग्लोबल मेंटेनन्स लावावा लागतो. लोकल मेंटेनन्स इथे कामाचा नाही : तो एकाच होस्टला बाजूला काढतो आणि इंजिन दुसऱ्या होस्टवर जाते. ग्लोबलमध्ये सगळे एजंट पाहत राहतात, पण कशालाही हात लावत नाहीत. काम संपल्यावर तो काढायला विसरणे ही मात्र खरी जोखीम आहे, कारण त्यानंतर इंजिन पडले तर कोणीच उठवत नाही.

नाव बदलण्याचा प्रकार सर्वात नाजूक. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होस्टनेम बदलले की पुरे, असे वाटते. पण इंजिनची प्रमाणपत्रे जुन्या नावाने काढलेली असतात आणि प्रत्येक होस्टच्या कॉन्फिगरेशनमध्येही तेच नाव असते. इंजिन जिवंत आहे की नाही, हे एजंट त्या नावाने त्याचे हेल्थ पान मागवून तपासतो. जुने नाव डीएनएसमधून गेले की उत्तर येत नाही, आणि धडधाकट चालणारे इंजिन आजारी समजून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केले जाते. ओव्हर्टमध्ये नाव बदलण्याचे वेगळे साधन आहे. ते वापरावे, सगळ्या होस्टवरची नोंद बदलावी, आणि तोवर ग्लोबल मेंटेनन्स उठवू नये.