डार्विनचा पारा आणि आपला पाऊस

पुण्याच्या शिवाजीनगरात हवामान खात्याची जुनी इमारत आहे. पुणेकर तिला सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली हे कार्यालय सिमल्याहून इथं आलं. पण खरी गंमत त्याआधीची.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. माणूस केंब्रिजचा गणिती. हवामानशास्त्राचा गंध नाही, बूमरँग कसं फिरतं यावर मात्र तासन्‌तास बोलेल. १८७७ आणि १८९९च्या दुष्काळांनी देश होरपळला होता, सरकारला पावसाचा अंदाज हवा होता. वॉकरांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे गोळा केले आणि भारतीय कारकुनांना हिशेबाला बसवलं.

एका रकान्यात दरवर्षीचा पाऊस, शेजारी कुठल्यातरी दूरच्या गावचा हवेचा दाब. प्रत्येक आकडा सरासरीच्या किती वर, किती खाली ते काढायचं, जोडीजोडीने गुणायचं, बेरीज करायची. दोन्ही बरोबरीने वरखाली होत असतील तर बेरीज फुगते, उलट चालत असतील तर उणे होते, संबंधच नसेल तर शून्यापाशी घुटमळते. मग पुढची जोडी. सगळं हाताने!

त्या ढिगाऱ्यातून जे वर आलं त्याने आजही थक्क व्हायला होतं. प्रशांत महासागरावर दाब चढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो. ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन यांच्यात आठ हजार किलोमीटरहून जास्त अंतर, तरी एकीकडे दाबमापकाचा पारा वर तर दुसरीकडे खाली. वॉकरांनी याला 'सदर्न ऑसिलेशन' म्हटलं. एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापण्याशी, त्याचं नातं याकोब ब्यर्कनेस यांनी जुळवलं ते १९६९ साली. वॉकर १९५८मध्येच गेले होते.

मला मात्र त्यांचा १९१४चा इशारा जास्त मोलाचा वाटतो: शेकडो जोड्या तपासल्या की काही निव्वळ योगायोगानेही जुळतात. आज 'ईआरए५' या युरोपीय संचात १९४०पासून दर तासाचं हवामान आहे, सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकटींत, वातावरणाच्या १३७ थरांत. एवढ्या पसाऱ्यात पुण्याच्या पावसाशी जुळणारी चौकट कुठेतरी सापडणारच. म्हणून काही वर्षांचे आकडे बाजूला झाकून ठेवायचे आणि सापडलेला नमुना त्यांवर पारखायचा.

पारखलेला नमुनाही हुलकावणी देतो. एल निनोच्या वर्षी भारतात पाऊस सहसा कमी पडतो. पण १९९७ साली शतकातला एक अतिबलाढ्य एल निनो आला आणि भारतात पाऊस जवळपास सरासरीइतका पडला.