हाताचे कसब आणि परदेशची वाट

खापा हे कन्हानकाठचे विणकरांचे जुने गाव. येथल्या कोष्ट्याला विणकामाचा दाखला कोणी मागितला नाही. घरच्या मागावर बापाकडून मुलाने विद्या घेतली आणि लुगड्याचा काठ हाच त्याचा दाखला ठरला. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांतूनही जॉबर माणसाचा हात पाहूनच त्याला कामावर घेई. म्हणजे कसब आणि त्याचा पारखी ही दोन्ही समोरासमोर असत.

परदेशी जाऊ पाहणाऱ्या आजच्या गवंड्याची, सुताराची किंवा वेल्डरची अडचण नेमकी येथे आहे. कसब हातात आहे, पण पारखी समुद्रापलीकडे बसला आहे. त्याने आपली भिंत पाहिलेली नाही, आपला उस्ताद त्याला ठाऊक नाही. तो कागद मागतो तो आपला अपमान करण्यासाठी नव्हे. अनोळखी माणसाबद्दल दुसऱ्या कोणाची साक्ष त्याला हवी असते. ही साक्ष घर सोडण्यापूर्वीच तयार करावी लागते, एवढेच आम्हांला मुख्यतः सांगावयाचे आहे.

ती कशी तयार होते ते पाहू. आपल्याकडे २०१५ पासून कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय झाली. शाळेत न शिकलेला कारागीर चाचणी देऊन तीतून प्रमाणपत्र मिळवू शकतो. सौदी अरेबियाने अलीकडे वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा कामगारांची परीक्षा निघण्यापूर्वी भारतातच घेण्याची पद्धत घातली. तीत काम प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. ऑस्ट्रेलियात स्थायिक होण्यासाठी काही व्यवसायांत अनुभवाची छाननी होते. औपचारिक शिक्षण नसेल तर अधिक वर्षांच्या कामाचा पुरावा द्यावा लागतो.

सगळीकडे मात्र अशी वाट नाही. जर्मनीने २०२३ च्या कायद्याने अनुभवी कामगारांना दार थोडे उघडले, तरी मायदेशात मान्य असलेले निदान दोन वर्षांचे शिक्षण मागितलेच. वीस वर्षे उत्तम सुतारकाम केलेला, पण एकही कागद नसलेला माणूस तेथे उंबरठ्यावरच थांबतो. ज्याच्या घरात तरुण मुलगा आहे, त्याने त्याला हाताखाली शिकवावे आणि आयटीआयलाही पाठवावे, ते यासाठीच.

आता पासपोर्टाविषयी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्याचा पासपोर्ट सामान्यतः 'ईसीआर' वर्गात ठेवण्याची पद्धत पडली. पुष्कळांना हा कमीपणा वाटतो. वास्तविक ते एक कुंपण आहे. आखातातील व इतर काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना अशा कामगाराचा करार आधी तपासला जातो. त्याला विमाही घ्यावा लागतो. २०१७ च्या सुधारणेनुसार तो दहा लाखांचा असून दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये ठरला. हे कुंपण टाळून जो पर्यटकाच्या व्हिसावर कामाला जातो, त्याचा करार कोठेच नोंदलेला नसतो. पगार बुडाला तर तो दाद कशाच्या आधारावर मागणार?

दलालाचेही तसेच. नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काला नियमांनी तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढी मर्यादा घातली. लाखांची मागणी झाली की पावती मागावी आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत पाहावा. बायकोचे दागिने गहाण टाकण्यापूर्वी एवढी चौकशी केली, तर नंतरचे पुष्कळ अश्रू वाचतात. 'प्रमाणपत्र विकत मिळते' असे कोणी सांगितल्यास त्याच्या दारात उभेही राहू नये. खोटा कागद खऱ्या कसबालाही खोटे ठरवतो.

म्हणून आमचे श्रोत्यांना एकच सांगणे आहे. आज घरी गेल्यावर एक वही करा. कोणते काम, कोणाकडे, किती महिने केले, ते तारखेसह लिहा. मालकाची सही घ्या, मजुरीच्या पावत्या जपा, कामाची छायाचित्रे ठेवा. अनुभवाच्या प्रत्येक छाननीत हेच विचारतात, आणि वीस वर्षांचा हिशेब एका रात्रीत उभा करता येत नाही. विणकर ताणा नीट लावल्याशिवाय धोटा फेकीत नाही. परदेशी निघणाऱ्याने तेवढेच केले तरी पुरे.