घरातला कर्ता माणूस समुपदेशकासमोर बसतो तेव्हा

आज आपण अशा माणसाबद्दल बोलू, जो उंद्रीसारख्या गावात कुठल्याही गल्लीत सापडतो. आवाज खणखणीत, निर्णय झटपट, ऐकून घ्यायची सवय कमी. बांधाचं भांडण असो की सोयरीक, शेवटचा शब्द त्याचाच. असा माणूस समुपदेशकासमोर बसला की काय होतं?

आधी एक गैरसमज दूर करू. हा स्वभाव म्हणजे आजार नव्हे. आणि ठामपणा व वर्चस्व या दोन गोष्टी वेगळ्या. ठाम माणूस आपलं म्हणणं स्पष्ट मांडतो आणि समोरच्यालाही मांडू देतो. वर्चस्व गाजवणारा समोरच्याची ती जागाच काढून घेतो. एकाच माणसात दोन्ही असू शकतं.

आता एक प्रसंग कल्पून पाहू. पंचावन्नच्या घरातले एक शेतकरी. सोयाबीन हातचं गेलं, कर्ज डोक्यावर, महिनाभर झोप नाही. बायको आणि मुलगा कसेबसे घेऊन आलेत. बसल्या बसल्या ते म्हणतात, "मला काय धाड भरली? हीच उगाच घाबरते. अन् तुम्हाला किती वर्षं झाली हे काम करून?"

इथे आपली परीक्षा असते. टिमथी लिअरी या मानसशास्त्रज्ञाने 1957 च्या पुस्तकात माणसा-माणसांतलं वागणं दोन अक्षांवर मांडलं: एक वर्चस्व ते नमतेपणा, दुसरा जिव्हाळा ते वैर. त्यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की आपलं वागणं समोरच्याकडून ठरावीक उत्तर ओढून घेतं. दाब दिला की समोरचा नमतो. वैर दाखवलं की वैर परत येतं. म्हणून नवखा समुपदेशक एकतर 'हो भाऊ, बरोबर भाऊ' करत बसतो, नाहीतर वाद जिंकायला जातो. नमलो तर त्यांचा भरवसा जातो, भांडलो तर ते उठून जातात.

दुसरी गोष्ट जॅक ब्रेम यांनी 1966 मध्ये मांडली. आपलं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं, की माणूस सांगितल्याच्या उलट वागू लागतो. म्हणून अशा माणसाला हुकूम देऊ नये, पर्याय द्यावेत. "वर्षं विचारलीत, ते बरोबरच केलंत," असं म्हणून खरं उत्तर द्यावं. मग विचारावं, "आधी झोपेचं बोलायचं की कर्जाचं? तुम्ही ठरवा." लगाम त्यांच्या हातात राहतो, पण गाडी थांबत नाही.

विश्वास बसला की आतल्या वाक्याकडे जाता येतं. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली; मराठीत कि. मो. फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती लोकांपर्यंत नेली. तिच्या नजरेने पाहिलं तर आत एक हट्ट सापडतो: 'मी खचता कामा नये. खचलो तर मी कर्ता कसला?' हा 'कामा नये' जरा सैल करायचा. "खचू नये असं वाटणं रास्तच, पण खचलात म्हणून कर्तेपण जातं का?" एवढा एक प्रश्न कधी कधी पुरतो.

हे सगळं आपल्या भागात का महत्त्वाचं? शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 2015 मध्ये राज्याने प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात बुलढाणा जिल्हाही आहे. रडणारा माणूस लगेच दिसतो. दरडावणाऱ्याला मात्र कुणी विचारतच नाही, 'जीव द्यावासा वाटतो का?' हे स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो.

एक मर्यादा मात्र पक्की. घरात मारहाण होत असेल तर तो 'स्वभाव' म्हणून सोडून द्यायचा विषय नाही. तिथे आधी बाईची आणि लेकरांची सुरक्षितता. तिच्याशी एकटीशी बोलायचं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या पाठीशी आहे.

तर मंडळी, मोठ्या आवाजाला भिऊ नका आणि त्याच्याशी कुस्तीही खेळू नका. त्या आवाजामागचा माणूस थकलाय का, तेवढं शांतपणे विचारा.