मन खचलं तर गाणं म्हणा, आणि बोलाही

वैराग भागातल्या आपल्या वस्त्यांत कुणाच्या घरी मयत झाली की जलदान विधीला एक गोष्ट बहुतेक वेळा घडते. बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात, परित्राण पाठ होतो, जाणती माणसं चार शब्द बोलतात. मग पेटी आणि ढोलकी पुढं येते आणि गायन पार्टी वामनदादांचं एखादं गाणं धरते. चार-पाच दिवस भिंतीला टेकून गप्प बसलेली घरची बाई ध्रुपदाला हळूच ओठ हलवते. कधी हुंदका फुटतो. शेजारच्या बायका तिला रडू देतात, पाठीवर हात ठेवतात. त्या रात्री ती चार घास खाते.

आम्ही हे अनेकदा पाहिलं आहे, तुम्हीही पाहिलं असेल. आरोग्याच्या पानावर गाण्याचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण ताप आला तर आपण दवाखान्यात जातो आणि मन खचलं तर मात्र गप्प बसतो. रोजगारानं जाणाऱ्या बाईच्या दारात फायनान्सचा हप्ता ठरल्या दिवशी उभा असतो. पावसानं दगा दिला की हाताला काम नसतं. पुण्याच्या कंपनीत कंत्राटावर गेलेला पोरगा काम सुटून घरी येतो आणि तोंड लपवून बसतो. जातीचा टोमणा अजून ऐकावा लागतो तो वेगळाच. हे सगळं छातीवर साचतं. ते हलकं करायला आपल्या आधीच्या पिढ्यांकडं औषधाच्या दुकानाआधी एक गोष्ट होती, ती म्हणजे गाणं.

ज्यानं सोसलं, त्यानं गायलं

लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. एकानं पत्र वाचून मागितलं आणि ते वाचता आलं नाही, याची लाज त्यांच्या जिव्हारी लागली. मग ते अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पक्के झाले. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं लिहिलं. त्यांचा पहिला संसार मोडला, लहानगी लेक मीरा आजारात गेली. एवढं सोसलेला माणूस पुढं आयुष्यभर गावोगाव गात फिरला. त्यांच्या गाण्यात नुसता धीर नाही, धीर कुठून आणायचा तेही आहे: बाबासाहेबांच्या कार्यातून आणि एकमेकांच्या सोबतीतून.

आपल्या सोलापूर जिल्ह्यानं मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे दिले. त्यांच्या पहाडी आवाजातली भीमगीतं ऐकत आपल्यातली कितीतरी माणसं लहानाची मोठी झाली. वामनदादा आणि प्रल्हाददादा दोघंही २००४ सालीच गेले. गाणी मात्र विहारात, टमटममध्ये आणि खुरपणीच्या रानात चालू आहेत.

बायांचं गाणं तर याहून जुनं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. पहाटे दळताना जे कुणाला सांगता येत नव्हतं, ते त्या बाया जात्याला सांगत होत्या.

खुद्द बाबासाहेबांनाही संगीताची ओढ होती. एवढ्या कामाच्या आणि आजारपणाच्या रगाड्यात ते उतारवयात व्हायोलिन शिकत होते, ही गोष्ट आपण मुलांना सांगत नाही. सांगायला हवी.

गाताना शरीरात काय होतं?

काळजीत माणसाचा श्वास आखूड होतो, छाती धडधडते, खांदे आणि जबडा आवळून येतो. गाण्याची लांब ओळ म्हणायची तर श्वास पोटातून घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो. श्वास असा लांबला की हृदयाचे ठोके हळूहळू उतरतात, आवळलेले स्नायू सैल होतात. आनापानसतीत आपण श्वासावर लक्ष ठेवतो. गाण्यात तो श्वास आपोआप लांबतो.

दुसरी गोष्ट सोबतीची. चारचौघांबरोबर ध्रुपद धरायचं तर कान दुसऱ्याकडं द्यावा लागतो. तेवढा वेळ डोक्यातलं तेच ते चक्र थांबतं. मेलेल्या बाळाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या किसा गोतमीला तथागतांनी मोहरी आणायला घरोघर पाठवलं, पण ज्या घरात कुणी मेलं नाही अशाच घरातली. तशी मोहरी कुठंच मिळाली नाही. दुःख आपल्या एकटीचं नाही, हे मात्र तिला कळलं. कोरसमध्ये बसलेल्या माणसाला थोडं तसंच कळतं.

हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. नागपूरच्या भदन्त सुरई ससाईंमुळं जपान आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्या जपानात 'झार्ड' या रॉक गटाचं १९९३ सालचं 'माकेनाइदे' हे गाणं अडचणीच्या काळात धीर देणारं म्हणून आजही गातात. नावाचा अर्थच 'हार मानू नकोस'. भाषा वेगळी, वाद्यं गिटार आणि ड्रम, पण काम आपल्या ढोलकीचंच.

मात्र आवाजाच्या भिंतीपुढं उभं राहणं म्हणजे गाणं नव्हे. छाती हादरवणाऱ्या डीजेनं कान कायमचे अधू होऊ शकतात. शिवाय त्यात आपला स्वतःचा आवाज कुठंच नसतो. मनाला आधार मिळतो तो स्वतःच्या गळ्यातून निघालेल्या सुराचा, मग तो बेसूर का असेना.

गाणाऱ्यालाही विचारा

आता जड गोष्ट. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली १० माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच मुलुंडचे लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपलं जीवन संपवलं. हजारोंना उभं करणारा हा आवाज. आत्महत्येमागं एकच कारण कधी नसतं, आणि आम्ही त्यांच्या मनाचा निवाडा करणार नाही. पण एक धडा घ्यायलाच हवा: दुसऱ्याला धीर देणारा माणूस स्वतः बरा आहे, असं धरून चालू नये. वस्तीत जो सगळ्यांच्या मयतीला, लग्नाला, जयंतीला पुढं असतो, त्यालाही कुणीतरी विचारायला हवं, "दादा, तुझं कसं चाललंय?"

गाणं आधार देतं, पण आजार झाला असेल तर उपचारच लागतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, झोप नाही किंवा नुसती झोपच, जेवणावर वासना नाही, कशातच रस नाही, "मी सगळ्यांना ओझं झालोय" अशी भाषा, अशी लक्षणं दिसली तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तो आळस नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका.

एवढं करा

• आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात वंदनेनंतर अर्धा तास सगळ्यांनी मिळून गाणी म्हणा. वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर हे सहज जमेल. येत नाही म्हणणाऱ्याच्या हातात टाळ द्या.

• गप्प झालेल्या माणसाच्या घरी जा. उपदेश करू नका, ऐकून घ्या. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळं होतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका.

• फवारणीचं औषध घरात उघडं ठेवू नका, कुलपात ठेवा. दारूनं दुःख बुडत नाही, उदासी वाढते.

• १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं, मराठीतही. जवळच्या सरकारी दवाखान्यात सांगा, सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच मनानं बंद करू नका.

• जीव द्यायचा प्रयत्न झाला तर केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. आधी जीव वाचवा.

आपल्या आज्यांनी दळताना ओव्या म्हटल्या, आपल्या बापांनी रात्र रात्र जलसे ऐकले. पोटाला कमी असतानाही ती माणसं मोडली नाहीत, त्यात या गाण्यांचा वाटा मोठा आहे. आज कामावरून घरी आल्यावर मोबाइल बाजूला ठेवा आणि लेकराला जवळ घेऊन तुम्हाला येतं ते एक गाणं म्हणा. शेजारचं दार दोन दिवस बंद दिसत असेल तर आधी ते वाजवा.

जय भीम, नमो बुद्धाय.